पेशीच्या वेशीवर मॅग्नेशियम

चंद्रपूरच्या जुन्या शहराभोवती गोंड राजांचा परकोट आजही उभा आहे. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आहेत. शिवाय हनुमान, विठोबा, बगड, मसाण आणि चोर अशा पाच खिडक्या. भिंत ओलांडून शहरात शिरायची सोय नव्हती. यायचं-जायचं ते दरवाज्यानं किंवा खिडकीनं. सजीवांच्या पेशीचा कारभार थेट असाच चालतो. तिथली भिंत मेदाची असते, मिलिमीटरच्या जेमतेम दोन लाखाव्या भागाइतकी जाड, आणि तिच्यातले दरवाजे-खिडक्या प्रथिनांचे असतात. कोणाला कुठून, किती आणि केव्हा आत घ्यायचं हे ती प्रथिनं ठरवतात.

या दारांतून ये-जा करणाऱ्यांपैकी मॅग्नेशियम हा सर्वांत अवघड प्रवासी. त्याची कहाणी सांगायला चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे फार योग्य आहेत. इथे सागाची जंगलं आहेत, भाताची बांधी आहे, घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेल आहे, आणि पूर आला की रस्ता तुटणाऱ्या गावांतली बाळंतपणं आहेत. या चारही ठिकाणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: मॅग्नेशियम किती आहे याइतकंच ते पटलाच्या कुठल्या बाजूला आहे यालाही महत्त्व असतं.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींच्या आत. रक्तद्रवात एक टक्काही नसतं. तरीही दवाखान्यात आपण ‘मॅग्नेशियम तपासलं’ म्हणतो तेव्हा तपासलेलं असतं ते हे एका टक्क्याहूनही कमी. पेशीच्या आत काय चाललं आहे, याची त्या कागदावरून पुरती कल्पना येत नाही.

आत तर त्याच्याविना पान हलत नाही. पेशीची कामं चालतात ती एटीपी नावाच्या रेणूतल्या ऊर्जेवर, आणि हा रेणू मॅग्नेशियमला धरूनच कामाला लागतो. तीनशेहून अधिक विकरांना म्हणजे एन्झाइमांना मॅग्नेशियम लागतं. जनुकांची नक्कल करायची, प्रथिनं बांधायची, स्नायू आखडायचा आणि सैल सोडायचा, या प्रत्येक ठिकाणी ते हजर असतं.

मग अडचण कुठे येते? अडचण पाण्याची आहे. मॅग्नेशियमचा आयन स्वतः अगदी लहान, आणि त्याच्यावर दोन धन विद्युतभार. इतक्या लहान जागेत इतका भार असल्यामुळे पाण्याचे रेणू त्याला विलक्षण घट्ट बिलगतात. सहा रेणू अगदी लगत, त्यांच्याबाहेर आणखी एक थर. या पाण्यासकट मोजलं तर त्याचं आकारमान मूळ आयनाच्या सुमारे चारशे पट होतं. सोडियम आणि कॅल्शियमच्या बाबतीत हीच वाढ पंचवीस पटींच्या आसपास असते. शिवाय सोडियमभोवतीचे पाण्याचे रेणू सेकंदाच्या अब्जांश भागात बदलत राहतात. मॅग्नेशियम आपलं पाणी त्याच्या हजारो पट वेळ धरून ठेवतं. पाण्यात सगळ्यांत मोठा, पाणी उतरवल्यावर सगळ्यांत छोटा. अशा आयनाला ओळखणारं दार घडवायचं म्हणजे निसर्गापुढे मोठाच पेच होता.

हे दार पहिल्यांदा सापडलं ते एका विषामुळे. कोबाल्ट जीवाणूंना मारतो. १९७० च्या सुमारास ई. कोलाय जीवाणूवर काम करणाऱ्या संशोधकांना असे काही वाण मिळाले, की जे कोबाल्ट पचवून जगत होते. खोलात गेल्यावर कळलं, की ते कोबाल्ट पचवत नव्हतेच; तो ज्या वाटेनं आत येई ती वाटच त्यांच्यात बिघडलेली होती. आणि ती वाट खरी मॅग्नेशियमची होती. तिचं नाव पडलं ‘कोर-ए’. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात मायकेल मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साल्मोनेला जीवाणूत मॅग्नेशियमच्या तीन वेगवेगळ्या वाटा ओळखल्या: कायम चालू असणारी कोर-ए, आणि टंचाईच्या वेळी उभारल्या जाणाऱ्या एमजीटी-ए व एमजीटी-बी.

कोर-एचं रूप दिसायला मात्र २००६ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी तीन स्वतंत्र गटांनी उकळत्या झऱ्यांसारख्या ठिकाणी राहणाऱ्या थर्मोटोगा मॅरिटिमा या जीवाणूतल्या कोर-एची रचना क्ष-किरणांनी उलगडली. पाच सारखे घटक वर्तुळात उभे, मधोमध लांब अरुंद वाट. वाटेच्या बाहेरच्या तोंडाशी ग्लायसिन, मेथिओनिन आणि अस्परॅजिन ही तीन अमिनो आम्लं ठरलेल्या क्रमानं बसलेली. जीवाणूपासून माणसापर्यंत या घराण्यातल्या सर्व प्रथिनांत हा त्रिकुटाचा शिक्का टिकून आहे. आयन तिथे पोहोचतो तेव्हा त्याच्या अंगावरचं पाणी पहिल्या थरापुरतं तरी शाबूत असतं, असा पुरावा आहे. म्हणजे या दारानं पाणी उतरवून घेण्याचा हट्टच धरलेला नाही. पाण्यासकट येणाऱ्या मॅग्नेशियमचं माप त्यानं ओळखून ठेवलं आहे.

त्याहून सुंदर आहे ती बंद होण्याची रीत. पेशीच्या आतल्या बाजूला, पाच घटकांच्या सांध्यांत, मॅग्नेशियमचे आयन बसायच्या जागा आहेत. आत मुबलक मॅग्नेशियम असलं की ते या सांध्यांत बसतात, पाचही घटक घट्ट आवळले जातात आणि वाट मिटते. आतलं प्रमाण घटलं की सांधे रिकामे होतात, घटक एकमेकांपासून सैल पडतात, रचनेतली समरूपता मोडते आणि वाट उघडते. २०१६ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं ही दोन्ही रूपं टिपली गेली. बाहेरचा कोणी हुकूम देत नाही. ज्याला आत आणायचं, त्याच्याच मापानं दार उघडतं आणि मिटतं. प्रथिनांच्या अभ्यासात इतकी नेटकी व्यवस्था क्वचितच भेटते.

या वाटांवरून युद्धही होतं. साल्मोनेला कुळातल्या जीवाणूंमुळे विषमज्वर म्हणजे टायफॉइड होतो. आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण ते त्या पेशीच्या पोटातही तग धरतात. २०१९ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासातून दिसलं, की भक्षक पेशीतलं एक प्रथिन, एसएलसी११ए१, त्या कोठडीतलं मॅग्नेशियम काढून घेतं आणि जीवाणूला उपाशी ठेवतं. उलट बाजूनं जीवाणू आपल्या टंचाईच्या वाटा उघडून ऊर्जा खर्चून मिळेल तेवढं ओढत राहतो. कोण जिंकतं हे काही अंशी त्या चिमूटभर मॅग्नेशियमवर ठरतं.

आता जंगलाकडे. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. आलापल्लीचा साग तर इंग्रजी अमदानीपासून प्रसिद्ध. त्या सागाच्या पानातला हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विल्श्टेटर यांना १९१५ चं नोबेल पारितोषिक मिळालं ते हरितद्रव्यासारख्या वनस्पतिरंगांच्या अभ्यासासाठीच. पण हा अणू जमिनीतून पानापर्यंत पोहोचतो तो एका दमात नाही. मुळाच्या पेशीत शिरायचं, तिथून खोडाच्या नळ्यांत उतरायचं, पानात पुन्हा पेशीत शिरायचं, आणि मग त्या पेशीच्या आत हरितलवकाचं वेगळं पटल ओलांडायचं. प्रत्येक वेशीवर प्रथिन आहे, आणि यातली कित्येक प्रथिनं कोर-एचीच भाऊबंद आहेत. जीवाणूतलं दार थोड्याफार फरकानं सागाच्या पानातही बसवलेलं आहे.

मॅग्नेशियम फक्त रंगासाठी लागत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर मॅग्नेशियमशिवाय कामाला लागत नाही. सकाळी पानावर ऊन पडलं की हरितलवकाच्या आतल्या द्रवात मॅग्नेशियमचं प्रमाण वाढतं आणि साखर बनवण्याचं काम वेग घेतं. उन्हाळ्याच्या तोंडावर साग पान गाळायला लागतो, तेव्हा उलटा प्रवास होतो. हरितद्रव्य मोडताना पहिली पायरी असते ती मधला मॅग्नेशियमचा अणू काढून घेण्याची, आणि ते काम करणारं विकर २०१६ मध्ये निश्चित झालं. मेंडेलनं वाटाण्याच्या हिरव्या आणि पिवळ्या दाण्यांवर जे प्रयोग केले, त्यातला हिरवा रंग टिकवणारा दोष याच विकराच्या जनुकात होता. मोकळं झालेलं मॅग्नेशियम झाड शक्यतो वाया घालवत नाही. पान गळायच्या आत जमेल तेवढं परत खोडाकडे खेचतं.

भाताच्या बांधीत हीच गोष्ट शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसते. मॅग्नेशियम कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. कारण झाड जुन्या पानांतलं मॅग्नेशियम काढून शेंड्याच्या कोवळ्या पानांना देतं. पावसानं खूप धुपलेल्या आम्लधर्मी जमिनीत हा त्रास जास्त, कारण तिथे मॅग्नेशियम वाहून जातं आणि ॲल्युमिनियम मोकळं होतं. ते मुळाच्या दाराशी मॅग्नेशियमची जागा अडवतं. जपानमध्ये भातावर झालेल्या संशोधनात २०१२ मध्ये दिसलं, की ॲल्युमिनियमचा त्रास सुरू होताच भाताचं मूळ ओएसएमजीटी१ हे मॅग्नेशियम आत घेणारं प्रथिन जास्त बनवतं. ते जनुक निकामी केलेली रोपं ॲल्युमिनियमपुढे लवकर हार मानतात.

दाण्यात मॅग्नेशियम साठतं ते मुख्यतः कोंड्याच्या थरात आणि अंकुरात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांच्या नजरेनं निवडलेला एचएमटी असो की दुसरा कुठला वाण, गिरणीत पांढराशुभ्र होईपर्यंत पॉलिश केला की त्यातलं बरंचसं मॅग्नेशियम कोंड्याबरोबर जातं. हातसडीच्या तांदळात ते राहतं. डाळी, जवस, पालेभाज्या यांतही ते चांगलं असतं. आहाराबद्दल इतकं सांगितलं की पुरे, कारण पुढचा खेळ ताटात नसून आतड्याच्या भिंतीत आहे.

माणसाच्या आतड्यात मॅग्नेशियम दोन वाटांनी शिरतं. एक वाट पेशींच्या फटींतून, दुसरी थेट पेशीतून. पेशीतून जाणाऱ्या वाटेचं दार म्हणजे टीआरपीएम६ हे प्रथिन, आणि त्याचं जवळचं भावंड टीआरपीएम७. हे प्रथिन किती मोलाचं आहे ते २००२ मध्ये कळलं. जगात काही मोजक्या कुटुंबांत बाळांना जन्मानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झटके येतात. रक्तात मॅग्नेशियम फार कमी, आणि त्यामुळे कॅल्शियमही कमी. आईच्या दुधात काही उणं नसतं. दोन संशोधक गटांनी त्या वर्षी दाखवून दिलं, की या बाळांत टीआरपीएम६ चं जनुक बिघडलेलं असतं. उपाय सरळ निघाला: जन्मभर भरपूर मॅग्नेशियम तोंडानं द्यायचं, म्हणजे पेशीतली वाट बंद असली तरी फटींतून पुरेसं आत झिरपतं. वेळेवर निदान झालं तर ही मुलं चांगली वाढतात.

दुसरी चौकी मूत्रपिंडाची. दिवसाकाठी सुमारे अडीच ग्रॅम मॅग्नेशियम मूत्रपिंडांतून गाळलं जातं आणि त्यातलं ९५ टक्क्यांहून अधिक परत घेतलं जातं. मोठा वाटा क्लॉडिन नावाच्या प्रथिनांनी राखलेल्या फटींतून परत येतो; शेवटच्या थोड्याशा भागाचा निर्णय पुन्हा टीआरपीएम६ च्या हाती. आतड्याच्या वाटेबद्दल मात्र एक सावधगिरी सांगायला हवी. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोलसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्या काही लोकांत रक्तातलं मॅग्नेशियम खाली जातं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये दिला. गोळी आतड्यातलं शोषण बिघडवते. गावागावांत ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते आणि वर्षानुवर्षं घेतली जाते, म्हणून हे लक्षात असलेलं बरं.

आता विदर्भाच्या सगळ्यात दुखऱ्या जागेकडे.

नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली. पुढे नागपूरपासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत, आदिवासींमध्ये आणि इतर समाजांतही, हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था सुरू केली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या अभ्यासविषयांत सिकलसेल होता. आज या भागातल्या आरोग्य केंद्रात ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे ग्रस्त, ही अक्षरं आशाताईंच्या आणि पालकांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

आजाराचं मूळ एका अमिनो आम्लाच्या बदलात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतं, आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडं, छाती, पोट यांत असह्य कळा. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत मोडते. याच जनुकाची एक प्रत असलेल्या वाहकांना मात्र जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. गडचिरोली हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक मलेरियाच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. म्हणूनच हे जनुक अशा भागांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलं.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुढची फारशी सांगितली जात नाही, आणि ती पेशीच्या दारांची आहे.

हे दोरे किती लवकर बनतील, हे पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर फार म्हणजे फार अवलंबून असतं. घट्टपणा किंचित वाढला तरी वेग कितीतरी पटींनी वाढतो. पेशीतलं पाणी जरा कमी झालं तरी तेवढं पुरतं. आणि पाणी कमी होतं ते पोटॅशियमच्या मागोमाग: पोटॅशियम बाहेर गेलं की पाणी त्याच्याबरोबर जातं. पोटॅशियम बाहेर नेणारी दोन दारं इथे महत्त्वाची. एक हंगेरीचे ग्योर्गी गार्दोश यांनी १९५८ मध्येच वर्णन केलेलं, कॅल्शियम आत आलं की उघडणारं. दुसरं पोटॅशियम आणि क्लोराइड यांना जोडीनं बाहेर नेणारं. या दुसऱ्या दाराला लगाम असतो तो पेशीच्या आतल्या मॅग्नेशियमचा. आत मॅग्नेशियम पुरेसं असेल तर ते आवरलेलं राहतं. मॅग्नेशियम घटलं की मोकाट सुटतं.

सिकलसेलच्या तांबड्या पेशींत मॅग्नेशियम कमीच आढळतं. का, याचं एक उत्तर १९९० मध्ये मिळालं. ऑर्टिझ, ल्यू आणि बुकचिन या संशोधकांनी दाखवलं, की ऑक्सिजन सुटून पेशी वाकडी होते त्या क्षणी तिचं पटल मॅग्नेशियमला गळकं होतं. एरवी या पटलातून मॅग्नेशियम जवळजवळ हलत नाही. पण सिकलसेलची पेशी शरीराच्या प्रत्येक फेरीत ऑक्सिजन सोडते, वाकते, थोडं कॅल्शियम आत घेते आणि थोडं मॅग्नेशियम गमावते. कॅल्शियमनं पहिलं दार उघडतं, मॅग्नेशियम गेल्यानं दुसरं. पाणी दोन्हीकडून जातं. तांबड्या पेशीत केंद्रक नसतो, नवीन प्रथिनं बनवायची सोय नसते. फाटलेलं शिवायला तिच्याकडे काही नाही.

मग मॅग्नेशियम बाहेरून का देऊ नये? ही कल्पना साधी आणि मोहात पाडणारी होती. इटलीतल्या लुचिया दे फ्रान्चेस्की आणि बोस्टनचे कार्लो ब्रुन्यारा यांच्या गटानं आधी उंदरांवर आणि मग १९९७ मध्ये दहा रुग्णांवर चार आठवडे मॅग्नेशियम पिडोलेट देऊन पाहिलं. तांबड्या पेशींत मॅग्नेशियम आणि पोटॅशियम वाढलं, दुसरं दार आवरलं गेलं, घट्ट पेशी कमी झाल्या. २००० मध्ये सहा महिन्यांच्या अभ्यासात दुखण्याचे दिवसही कमी झाल्याचं नोंदलं गेलं. पण त्या अभ्यासांत तुलनेसाठी औषधाशिवायचा गट नव्हता. तसा गट घेऊन झालेल्या चाचण्यांचा निकाल निराळा लागला. हिमोग्लोबिन एससी या सिकलसेलच्या वेगळ्या प्रकाराच्या रुग्णांवरची चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्यानं लवकर थांबली, आणि जितकी झाली तितक्यात मॅग्नेशियमचा फायदा दिसला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत, वेदनेच्या झटक्यानं दाखल झालेल्या सुमारे दोनशे मुलांना शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देण्यात आलं. तुलनेच्या गटाला साधं सलाइन. रुग्णालयातले दिवस दोन्ही गटांत सारखेच निघाले. २०१७ च्या कॉक्रन आढाव्यानंही हा उपाय उपयोगी ठरल्याचा पुरावा नाही, असंच म्हटलं.

या निराशेत एक शिकवण दडलेली आहे असं म्हणण्यापेक्षा, तिचं कारण नीट पाहणं जास्त उपयोगाचं. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत मॅग्नेशियम आत घेणारी वाट अतिशय मंद असते. तिच्यातलं मॅग्नेशियम मुख्यतः अस्थिमज्जेत ती घडत असतानाच भरलेलं असतं. पुढे ते वयाबरोबर कमी होत जातं. शिरेतून दिलेल्या मॅग्नेशियमनं रक्तद्रव भरतो, पण त्याच रक्तात तरंगणारी पेशी आतून कोरडीच राहू शकते. आणि ती आत भरली, तरी वाकण्याच्या प्रत्येक वेळी गळती चालूच. लगाम पोहोचवायचा तर पेशीच्या जन्माच्या वेळी, आणि गळती थांबवून. नुसत्या गोळीनं हे होत नाही. म्हणून विदर्भातल्या कुठल्याही सिकलसेल कुटुंबानं मॅग्नेशियमच्या गोळ्यांवर पैसा आणि आशा खर्च करू नये. गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवणारं हायड्रॉक्सियुरिया हे सिद्ध झालेलं औषध आहे, फोलिक ॲसिड आहे, भरपूर पाणी पिणं आहे. ते नियमानं मिळणं हे आज सर्वांत महत्त्वाचं.

याच तांबड्या पेशीत घुसून राहणाऱ्या मलेरियाच्या फाल्सिपॅरम परजीवीलाही वाढण्यासाठी मॅग्नेशियम लागतं. त्याच्या जनुकसंचात कोर-ए घराण्यातल्या तीन प्रथिनांची जनुकं आहेत. त्या वाटा अडवल्या तर परजीवी उपाशी मरेल का, या दिशेनं संशोधन चालू आहे.

आणि तरीही याच दोन जिल्ह्यांत मॅग्नेशियम रोज जीव वाचवतं. ते काम करतं प्रसूतिगृहात.

गरोदरपणात रक्तदाब वाढतो, अंगावर सूज येते, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि मग झटके. हा एक्लॅम्प्शिया आई आणि बाळ दोघांचा जीव घेऊ शकतो. त्यावरचं औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, नर्सबाईंच्या भाषेत ‘मॅगसल्फ’. १९९५ मध्ये भारतासह नऊ देशांतल्या चाचणीत सिद्ध झालं, की पुन्हा झटका येण्याचा धोका ते डायझेपामपेक्षा निम्म्यानं आणि फेनिटॉइनपेक्षा दोन-तृतीयांशानं कमी करतं. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. आधीच मॅगसल्फ दिलं तर झटके येण्याचा धोका निम्म्याहून खाली आला. रुपया-पैशाच्या हिशेबात इतकं स्वस्त आणि इतकं परिणामकारक औषध शोधून सापडणार नाही.

गडचिरोलीत त्याचं मोल आणखी वाढतं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे. खाटेवरून, डोंग्यातून, ट्रॅक्टरवरून गरोदर बाईला आणावं लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. म्हणूनच भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी उपकेंद्रातल्या एएनएम नर्सला पहिला डोस देण्याची मुभा दिली आहे: दोन्ही कुल्ल्यांत खोल, प्रत्येकी पाच ग्रॅम, आणि मग मोठ्या रुग्णालयाकडे रवानगी. तेवढ्यानं रस्त्यातले तास सुरक्षित होतात.

सिकलसेलमध्ये जे जमलं नाही ते इथे कसं जमतं? कारण इथे मॅग्नेशियमला पेशीच्या आत शिरायचंच नसतं. मेंदूच्या पेशींवर एनएमडीए नावाचं एक दार असतं; ते उघडलं की कॅल्शियम आत धावतं आणि पेशी पेटून उठते. १९८४ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की मॅग्नेशियमचा आयन बाहेरून येऊन या दाराच्या वाटेत अडकतो आणि ती बंद करतो. तो पलीकडे जात नाही, कारण अंगावरचं पाणी सोडायला तो तयार नसतो. ज्या हट्टामुळे त्याला पेशीत नेणं इतकं कठीण, तोच हट्ट इथे उपयोगी पडतो. स्नायूंच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींवरच्या कॅल्शियमच्या वाटाही तो बाहेरूनच अडवतो, त्यामुळे आखडलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. रक्तद्रवातलं वाढलेलं मॅग्नेशियम इथे पुरेसं असतं.

हीच त्याची जोखीमही. प्रमाण जास्त झालं तर स्नायूंना येणारे संदेश तुटू लागतात: आधी गुडघ्यावर ठोकल्यावर येणारी उसळी नाहीशी होते, नंतर श्वास मंदावतो. म्हणून पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी नर्स गुडघा ठोकून पाहते, मिनिटाला श्वास सोळाच्या खाली नाही ना ते मोजते, आणि लघवी तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी नाही ना ते बघते. कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन हाताशी ठेवलेलं असतं, कारण ज्या वाटेवर मॅग्नेशियम अडून बसलं आहे तिथे त्याला हटवण्याची ताकद कॅल्शियममध्ये आहे. सिकलसेल असलेल्या स्त्रियांना गरोदरपणात रक्तदाबाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे एकाच केसपेपरवर ‘एसएस’ आणि ‘मॅगसल्फ’ हे दोन्ही शब्द येण्याचे प्रसंग या भागात येतात. तिच्या बाबतीत लघवीचं माप अधिकच काटेकोरपणे घ्यावं लागतं. सिकलसेल मूत्रपिंडांनाही इजा करत असतो, आणि जादा मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकण्याची वाट तेवढी एकच आहे.